बर्फातल्या पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव

बर्फ म्हणजे स्वच्छ, शुभ्र आणि निर्जीव, असे आपण बहुतेक वेळा गृहीत धरतो. प्रत्यक्षात हिमनदीवरून वितळून वाहणाऱ्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो सूक्ष्मजीव सापडतात आणि उन्हाळ्यात लालसर पडलेल्या हिमाचे चमचाभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर त्यात लाखो पेशी असू शकतात. पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे दहावा भाग हिमनद्या आणि हिमचादरी यांनी व्यापलेला आहे. दरवर्षी पडून वितळणारे हिम आणि ध्रुवीय समुद्रांवर गोठणारा बर्फ हा त्यापलीकडचा पसारा आहे. अरण्य, गवताळ प्रदेश किंवा प्रवाळद्वीप यांचा जसा स्वतंत्र परिसंस्था म्हणून अभ्यास होतो, तसाच या गोठलेल्या प्रदेशाचाही व्हायला हवा, हे आता जीवशास्त्रात मान्य झाले आहे. (या लेखात ताज्या पडलेल्या, भुसभुशीत थराला हिम आणि दाबून घट्ट झालेल्या किंवा पाणी गोठून तयार झालेल्या पदार्थाला बर्फ म्हटले आहे.)

हे जीव बर्फात कसे जगतात, हे समजून घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. घन बर्फाच्या स्फटिकाच्या आत कोणताही सजीव वाढू शकत नाही. पेशीतली प्रत्येक रासायनिक क्रिया पाण्यात चालते, अन्न पाण्यातून आत येते आणि टाकाऊ द्रव्ये पाण्यातूनच बाहेर जातात. त्यामुळे बर्फातल्या जीवनाचा अभ्यास हा खरे तर बर्फात शिल्लक राहिलेल्या पाण्याचा अभ्यास आहे. ते पाणी कुठे असते, किती काळ टिकते आणि ते टिकवण्यासाठी सूक्ष्मजीव स्वतः काय करतात, या तीन प्रश्नांभोवती हा सगळा विषय फिरतो. यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तराचा परिणाम पेशीपुरता राहत नाही, तो समुद्राच्या पातळीपर्यंत पोहोचतो.

पाणी गोठते तेव्हा त्याचे रेणू षटकोनी जाळीदार रचनेत बसू लागतात. या रचनेत मीठ, आम्ल किंवा सेंद्रिय रेणू यांना जवळजवळ जागाच नसते, त्यामुळे स्फटिक वाढत जातो तसा तो ही सगळी द्रव्ये आपल्या कडेला ढकलत जातो. शेजारचा स्फटिकही तेच करत असतो. दोन-तीन स्फटिक जिथे एकमेकांना भिडतात, तिथे मग ही बाहेर ढकललेली द्रव्ये साचतात आणि तिथले पाणी इतके खारट किंवा आम्लधर्मी होते की शून्याच्या बरेच खाली जाऊनही ते गोठत नाही. तीन स्फटिकांच्या सांध्यांवर अशा पाण्याच्या अतिशय बारीक शिरा तयार होतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अंटार्क्टिकाच्या खोल बर्फात या शिरांची जाडी काही मायक्रोमीटर इतकीच असू शकते, म्हणजे मिलिमीटरचा काही हजारावा भाग. जीवाणूची पेशी साधारण एका मायक्रोमीटरची असते, त्यामुळे तिला एवढी जागा पुरते. अन्नही तिथेच असते, कारण स्फटिकांनी बाहेर टाकलेली सेंद्रिय द्रव्ये आणि क्षार त्याच शिरांत गोळा झालेले असतात. बर्फाने नाकारलेल्या या द्रव्यांवरच बर्फातले जीवन उभे आहे.

समुद्राच्या बर्फात हीच घटना मोठ्या प्रमाणावर घडते. सर्वसाधारण खारटपणाचे समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते आणि त्यातले मीठ बर्फाच्या आतल्या पोकळ्यांत व नलिकांत साठते. तापमान उणे १० अंशांवर गेले की या नलिकांतले पाणी मूळ समुद्राच्या सुमारे चौपट खारट झालेले असते. साधारण उणे ५ अंशांच्या वर या नलिका एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि त्यांतून खालच्या समुद्राचे पाणी व त्यासोबत पोषकद्रव्ये आत-बाहेर करू शकतात. त्याखाली नलिका अरुंद होऊन तुटतात आणि आत अडकलेल्या जीवांचा बाहेरच्या जगाशी संबंध संपतो. समुद्री बर्फातल्या जीवांचे वर्ष या उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे विभागलेले असते.

हिमाची गोष्ट वेगळी आहे. हिमात मीठ फारसे नसते, त्यामुळे तिथे पाणी मिळते ते प्रत्यक्ष वितळण्यातून. वसंत ऋतूत हिमाचा थर शून्य अंशांवर येतो, त्याच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि काही आठवडे किंवा फार तर काही महिने तो टिकतो. एवढ्या अवधीत हिमशैवालांना आपले जीवनचक्र पूर्ण करायचे असते.

हिमशैवाल हा या विषयातला सर्वांत जुना आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. जॉन रॉस यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेला १८१८ मध्ये वायव्य ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर लाल हिमाने माखलेले कडे दिसले आणि त्याचे नमुने इंग्लंडला नेण्यात आले. हा रंग लोखंडाचा असावा, ती बुरशी असावी, असे वेगवेगळे तर्क तेव्हा मांडले गेले. पुढे १८३५ मध्ये अँडीज पर्वत ओलांडताना चार्ल्स डार्विन यांच्या लक्षात आले की हिमावर उमटलेले खेचरांच्या पावलांचे ठसे फिकट लाल दिसत आहेत, जणू त्यांच्या खुरांतून थोडे रक्त येत असावे. पाऊल पडले की हिम दाबले जाते, त्यातल्या विखुरलेल्या लाल पेशी जवळ येतात आणि एरवी नजरेतून सुटणारा रंग उठून दिसतो. आजही लाल हिमावरून चालणाऱ्याला हाच अनुभव येतो.

या लाल पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की एक विरोधाभास समोर येतो. हे शैवाल हिरव्या शैवालांच्या कुळातले आहे, त्याच्यात हरितद्रव्य आहे आणि ते प्रकाशसंश्लेषण करते. तरीही ते लाल दिसते, कारण पेशीतल्या तेलाच्या थेंबांत अ‍ॅस्टॅक्झँथिन नावाचे रंगद्रव्य गच्च भरलेले असते आणि त्याखाली हिरवा भाग झाकला जातो. सालमन माशाच्या मांसाला गुलाबी रंग देणारे रंगद्रव्य हेच. साधारण २० मायक्रोमीटर व्यासाची, जाड भिंतीची ही गोल पेशी म्हणजे शैवालाची विश्रांतीची अवस्था आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस ती उरलेल्या हिमावर, खडकांवर किंवा मातीवर पडून राहते आणि हिवाळ्यात तिच्यावर नव्या हिमाचे थर चढतात. वसंतात वरचे पाणी झिरपत खालपर्यंत पोहोचले की तिला जाग येते. ती विभागते आणि तिच्यातून चाबकासारख्या दोन कशाभिका असलेल्या लहान हिरव्या पेशी बाहेर पडतात. या पेशी हिमकणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत वर चढतात आणि प्रकाश पुरेसा पण सोसण्याजोगा असेल अशा थरात स्थिरावतात. त्यानंतर कशाभिका गळून पडतात, भिंत जाड होते आणि लाल रंग भरू लागतो.

हा लाल रंग कशासाठी, याचे उत्तर थंडीत दडलेले आहे. हरितद्रव्याने प्रकाश शोषण्याच्या क्रियेवर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही. शून्य अंशांवरही प्रकाशाची ऊर्जा त्याच वेगाने आत येत राहते. तिचा वापर करून साखर बनवणाऱ्या पुढच्या रासायनिक क्रिया मात्र थंडीत मंदावतात. त्यातच ताजे हिम त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकत असल्यामुळे पेशीवर वरून आणि भोवतालच्या कणांकडून असा सर्व बाजूंनी प्रकाशाचा मारा होतो. वापरता न आलेली ऊर्जा पेशीत ऑक्सिजनची विघातक रूपे तयार करते आणि ती प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. अ‍ॅस्टॅक्झँथिन हा अतिरिक्त प्रकाश आधीच शोषून घेते आणि विघातक ऑक्सिजनलाही निष्प्रभ करते.

शोषलेला प्रकाश नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ती उष्णता पेशीभोवतीच्या हिमाला मिळते आणि थोडे पाणी वितळते. पाण्यावाचून वाढ शक्य नसलेल्या जिवाच्या संरक्षणाच्या व्यवस्थेतूनच त्याला पाणी मिळते, हे मला या संपूर्ण विषयातले सर्वांत सुंदर कोडे वाटते. अलास्कातल्या हार्डिंग हिमक्षेत्रावर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी हिमाच्या काही तुकड्यांवर खत टाकले, काहींवर पाणी शिंपडले आणि काही ठिकाणी शैवालांची वाढ रोखून धरली. पाणी मिळालेल्या तुकड्यांवर शैवाल वाढले, खत मिळालेल्यांवर ते त्याहून कितीतरी अधिक वाढले, आणि जिथे शैवाल अधिक तिथे हिमही अधिक वितळले. त्या हिमक्षेत्रात शैवाल असलेल्या भागांत वितळणाऱ्या हिमापैकी साधारण सहावा हिस्सा शैवालांमुळे वितळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आर्क्टिकमधल्या १६ हिमनद्यांच्या २०१६ च्या अभ्यासात लाल शैवालांमुळे वितळण्याच्या एका हंगामात हिमाची परावर्तनक्षमता १३ टक्क्यांनी घटते, असे आढळले होते. हिम वितळले की शैवालांना पाणी मिळते, शैवाल वाढले की हिम आणखी वितळते आणि हे चक्र हंगाम संपेपर्यंत चालू राहते.

हंगामी हिम वितळून गेल्यावर खालचा हिमनदीचा उघडा बर्फ दिसू लागतो आणि तिथे वेगळ्या शैवालांचे राज्य सुरू होते. ही शैवाले पोहत नाहीत आणि जाड भिंतीच्या विश्रांत पेशीही बनवत नाहीत. ती बर्फाच्या वरच्या काही सेंटिमीटरच्या झिजलेल्या, ओलसर थरात एकेकट्या पेशींच्या किंवा आखूड माळांच्या रूपात राहतात आणि गोठण-वितळण दोन्ही सहन करतात. त्यांचे रंगद्रव्य जांभळट तपकिरी असते आणि लाल हिमासारखे ते लक्ष वेधून घेत नाही, त्यामुळे दूरवरून हा बर्फ केवळ मळकट दिसतो. ग्रीनलंडच्या हिमचादरीच्या नैर्ऋत्य भागात दर उन्हाळ्यात असा एक काळपट पट्टा उपग्रहांच्या चित्रांत दिसतो. अनेक वर्षे त्याचे कारण धूळ आणि काजळी यांत शोधले जात होते. बर्फावर उतरून नमुने मोजल्यावर या पट्ट्यात शैवालांचा वाटा मोठा असल्याचे स्पष्ट झाले. एका अभ्यासानुसार २०१७ च्या उन्हाळ्यात या नैर्ऋत्य भागातून वाहून गेलेल्या वितळलेल्या पाण्यापैकी सुमारे १० ते १३ टक्के पाणी शैवालांच्या वाढीमुळे वितळलेले होते. गंमत अशी की १८७० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावर गेलेल्या अडॉल्फ एरिक नॉर्डेनशॉल्ड यांनी ही शैवाले पाहिली होती आणि त्यांच्यामुळे बर्फ लवकर वितळत असावा, असा अंदाजही त्यांनी तेव्हाच बांधला होता. त्यांच्या त्या निरीक्षणाला आकड्यांचे बळ मिळायला जवळजवळ दीड शतक लागले.

नॉर्डेनशॉल्ड यांनी त्याच प्रवासात क्रायोकोनाइट या बर्फावरच्या काळ्या गाळाचेही वर्णन केले. वाऱ्याने आलेली काळी धूळ बर्फावर पडते, उन्हाने तापते आणि आपल्याखालचा बर्फ वितळवत खाली जाते. त्यातून बर्फात उभी, गोल, पाण्याने भरलेली छिद्रे तयार होतात. त्यांचा व्यास काही सेंटिमीटरपासून काही दशक सेंटिमीटरपर्यंत असतो. छिद्र खोल होत जाते तसे तळाशी पोहोचणारे ऊन कमी होते, त्यामुळे एका ठरावीक खोलीनंतर तळ खाली जाण्याचा आणि भोवतालचा पृष्ठभाग वितळण्याचा वेग सारखा होतो आणि छिद्राची खोली कायम राहते. तळाशी बसलेला काळा गाळ बोटांत घेतला तर तो धुळीसारखा विस्कटत नाही, त्याचे बारीक गोळे झालेले असतात. धाग्यांसारखे वाढणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू, धुळीचे कण गुंडाळून, चिकट शर्करायुक्त द्रव्याने एकत्र बांधून हे गोळे तयार करतात. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला प्रकाशसंश्लेषण चालते, आत ऑक्सिजन कमी असतो आणि तिथे वेगळ्या प्रकारचे जीवाणू राहतात. सेंद्रिय द्रव्य साठत गेल्याने गोळा आणखी काळा होतो आणि आणखी उष्णता शोषतो. इथेही जीव आपले पाणी स्वतःच मिळवत असतात.

या छिद्रांत शैवाल व जीवाणूंवर जगणारे रोटिफर आणि टार्डिग्रेड यांसारखे सूक्ष्म प्राणीही असतात. टार्डिग्रेड म्हणजे आठ पायांचा, बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असा प्राणी. अंटार्क्टिकात अनेक छिद्रांवर बर्फाचे झाकण बसते आणि आतले पाणी वर्षानुवर्षे बाहेरच्या हवेपासून तुटलेले राहते, तरी आतले जीवन थांबत नाही. हिमनदीवरची अन्नसाखळी कधी कधी याहूनही पुढे जाते. नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यातल्या याला हिमनदीवर जपानी संशोधक शिरो कोशिमा यांना एक कीटक सापडला आणि त्याची नोंद १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या अळ्या वितळलेल्या पाण्यात राहून हिमनदीवरची शैवाले आणि जीवाणू खातात आणि उडू न शकणारा प्रौढ कीटक उणे १६ अंशांवरही चालताना आढळला. त्याचे संपूर्ण आयुष्य बर्फावर जाते आणि त्याचा सगळा आहार सूक्ष्मजीवांचा असतो.

समुद्री बर्फात वरचा पृष्ठभाग पांढरा असला तरी बर्फाचा तुकडा उलटा केला की खालचे काही सेंटिमीटर तपकिरी दिसतात. हा रंग डायटम या सिलिकाचे (वाळूतल्या द्रव्याचे) कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांचा असतो. बर्फाच्या खालच्या टोकाला समुद्राचे पाणी जवळ असते, थंडी सर्वांत कमी असते आणि नलिका मोकळ्या असतात, म्हणून गर्दी तिथेच होते. बर्फातून झिरपून येणारा प्रकाश अगदी मंद असतो आणि ही शैवाले तेवढ्यावर भागवतात. अंटार्क्टिक क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्याची पिल्ले हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या बाजूला या शैवालांवर चरतात आणि क्रिलवर मासे, पेंग्विन, सील व देवमासे अवलंबून असतात, त्यामुळे बर्फातल्या या तपकिरी थराचे महत्त्व संपूर्ण दक्षिण महासागराला आहे. उत्तरेकडे आर्क्टिकमध्ये मेलोसिरा नावाचे डायटम बर्फाखाली लांबच लांब झुपक्यांनी लोंबते. २०१२ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचा समुद्री बर्फ विक्रमी प्रमाणात आटला, तेव्हा ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरच्या पथकाला या शैवालाचे गोळे सुमारे ४,००० मीटर खोल समुद्रतळावर पडलेले आढळले. समुद्राच्या छतावर वाढलेले अन्न थेट तळाशी पोहोचले होते आणि समुद्रकाकड्या हे तळावरचे प्राणी ते खात होते.

पेशीच्या आत थंडीशी जुळवून घेणे म्हणजे काय, याची यंत्रणा आता बरीच समजली आहे. पेशीचे आवरण मेदाम्लांच्या दुहेरी थराचे असते आणि थंडीत ते थिजून कडक होते. कडक आवरणातून अन्न आत येत नाही. म्हणून थंडीतले जीव आवरणात असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवतात. या रेणूंना बाक असतो, ते एकमेकांना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत आणि आवरण लवचीक राहते. त्यांची विकरेही अधिक सैल बांधणीची असतात, त्यामुळे कमी ऊर्जेत त्यांचे आकार बदलू शकतात आणि क्रिया चालू राहतात. अशी विकरे उष्णतेत मात्र लवकर मोडतात. थंड पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरींत थंडीत काम करणारी विकरे वापरली जातात, ती याच गुणामुळे.

याहून विलक्षण आहेत ती बर्फाला चिकटणारी प्रथिने. अंटार्क्टिकाच्या माशांच्या रक्तातली गोठणरोधक प्रथिने आर्थर डीव्हरीस यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. पुढे तशाच कामाची प्रथिने डायटम, बुरशी आणि जीवाणू यांच्यातही सापडली. ती बर्फाच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर बसतात आणि त्याची पुढची वाढ रोखतात. पेशींनी ती बाहेर सोडली की भोवतालच्या नलिकांचा आकार बदलतो, लहान स्फटिकांचे मोठ्या, धारदार स्फटिकांत रूपांतर होणे थांबते आणि पाण्याची जागा शाबूत राहते. अंटार्क्टिकातल्या एका तळ्यात सापडलेल्या मॅरिनोमोनास जातीच्या जीवाणूने तर या प्रथिनाचा जहाजासारखा नांगर केला आहे. लांब साखळीसारख्या प्रथिनाचे एक टोक पेशीला आणि दुसरे टोक तळ्यावरच्या बर्फाच्या खालच्या पृष्ठभागाला धरून ठेवते, त्यामुळे तो जीवाणू प्रकाश आणि ऑक्सिजन भरपूर असलेल्या वरच्या थरातच टिकून राहतो.

तापमान कुठवर उतरले तरी जीवन चालू राहते, याची सीमा प्रयोगशाळेत तपासली गेली आहे. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीतून मिळालेला प्लॅनोकॉकस जातीचा एक जीवाणू उणे १५ अंशांवर विभागून वाढतो आणि उणे २५ अंशांवरही त्याच्यातल्या चयापचयाच्या खुणा मोजता येतात. त्याखाली अडचण वेगळीच असते. भोवतालचे पाणी गोठत जाते तसे ते पेशीतले पाणी बाहेर ओढून घेते, आतला द्राव इतका दाट होतो की तो काचेसारखा घट्ट होतो आणि रेणूंची हालचालच थांबते. अशा अवस्थेत पेशी मरेलच असे नाही, पण तिचे जगणे तेवढ्यापुरते थांबते.

काही जीवाणू याच्या अगदी उलट काम करतात आणि पाण्याला गोठायला लावतात. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूपात राहू शकतात, कारण पहिला स्फटिक तयार होण्यासाठी रेणूंना कोणता तरी आधार लागतो. स्यूडोमोनास सिरिंजी या वनस्पतींवर राहणाऱ्या जीवाणूच्या पृष्ठभागावर असे एक प्रथिन असते की त्यावर पाण्याचे रेणू बर्फाच्या रचनेत ओळीने बसतात आणि उणे २ अंशांवरच गोठतात. पानांवर हिमदंश झाला की वनस्पतीच्या पेशी फुटतात आणि जीवाणूला अन्न मिळते. वाऱ्यासोबत हे जीवाणू ढगांतही पोहोचतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या, अगदी अंटार्क्टिकातल्याही, ताज्या हिमात स्फटिकाला सुरुवात करून देणारे जैविक कण सापडले. मारलेल्या स्यूडोमोनास पेशींचा वापर स्कीइंगच्या उतारांवर कृत्रिम हिम बनवण्यासाठी केला जातो.

बर्फाच्या तळाशी काय आहे, हा प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण तिथवर पोहोचताना आपलेच सूक्ष्मजीव आत नेण्याचा धोका असतो. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक सरोवरावर पावणेचार किलोमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ आहे आणि रशियन पथक फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच्या पाण्यापर्यंत पोहोचले. बर्फात पाडलेले विवर मोकळे ठेवण्यासाठी त्यात केरोसीन भरलेले होते, त्यामुळे नमुन्यांत सापडलेले जीव सरोवरातले की विवरातले, यावर वाद राहिला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन पथकाने व्हिलन्स सरोवरावरचा सुमारे ८०० मीटर बर्फ गाळलेल्या आणि अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या गरम पाण्याने भेदला. जेमतेम दोन मीटर खोलीच्या त्या अंधाऱ्या पाण्यात प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे १,३०,००० पेशी होत्या. सूर्यप्रकाशाचा तिथे लवलेश नाही. हिमचादर खडकांना दळत पुढे सरकते आणि त्या पिठातली खनिजे व जुन्या गाळातली अमोनियासारखी द्रव्ये यांच्यापासून हे जीव ऊर्जा मिळवतात. शनीच्या एन्सेलाडस आणि गुरूच्या युरोपा या चंद्रांवरच्या बर्फाखालच्या समुद्रांकडे शास्त्रज्ञ इतक्या गांभीर्याने पाहतात, त्यामागे असे निष्कर्ष आहेत.

अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीच्या टोकाला १९११ मध्ये ग्रिफिथ टेलर यांना एक लाल धबधबा दिसला होता आणि आधी तो रंग शैवालांचा मानला गेला. तो रंग प्रत्यक्षात लोखंडाचा आहे. हिमनदीखाली अडकलेले, लोहयुक्त, अतिखारट पाणी हवेत आले की त्यातले लोखंड गंजते. त्या पाण्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजनविना सल्फेट आणि लोखंड यांच्या साहाय्याने जगतात आणि हे पाणी दहा लाखांहून अधिक वर्षे बाहेरच्या जगापासून वेगळे राहिले असावे, असे मानले जाते. लाल दिसणाऱ्या प्रत्येक बर्फात शैवाल शोधू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

गोठलेल्या अवस्थेत जीव किती काळ टिकतो, याबद्दलच्या बातम्या सर्वाधिक गाजतात. १९८३ मध्ये अंटार्क्टिकातून आणून उणे २० अंशांवर ठेवलेल्या मॉस या शेवाळवर्गीय वनस्पतीतले टार्डिग्रेड ३० वर्षांनंतर हालू लागले. सायबेरियातल्या अलाझेया नदीजवळच्या, सुमारे २४,००० वर्षे जुन्या गोठलेल्या मातीतून मिळालेल्या रोटिफरने प्रयोगशाळेत पिल्लेही दिली, हे २०२१ मध्ये जाहीर झाले. तशाच जमिनीतला ३०,००० वर्षांपूर्वीचा एक महाकाय विषाणू २०१४ मध्ये अमीबाला संसर्ग करू शकला. अशा बातम्यांनंतर प्राचीन रोग परत येतील, ही भीती बोलून दाखवली जाते. हा विषाणू फक्त अमीबालाच बाधतो, हे त्यात बहुधा मागे पडते. सायबेरियाच्या यमाल भागात २०१६ मध्ये अँथ्रॅक्स पसरला, दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि एका मुलाचा मृत्यू झाला. तिथे मात्र गोठलेल्या जमिनीतून पूर्वीच्या साथीतले बीजाणू वर आले असण्याची शक्यता गांभीर्याने मांडली गेली. माझ्या मते काळजीचा विषय हाच आहे: जनावरांचे ज्ञात रोग आणि त्या रोगांनी मेलेली जनावरे पुरलेल्या जागा.

इतका काळ टिकण्याचे गणितही लक्षात घ्यायला हवे. पूर्ण विश्रांतीत गेलेल्या पेशीच्या डीएनएची नैसर्गिक किरणोत्सारामुळे आणि रासायनिक विघटनामुळे झीज होतच राहते आणि ती दुरुस्त करायला कोणी नसते. अतिप्राचीन गोठलेल्या मातीतल्या जीवाणूंच्या अभ्यासातून असे दिसले की पाच लाख वर्षांपर्यंतच्या नमुन्यांत टिकून राहिलेले जीव गाढ झोपलेले नव्हते. ते अत्यंत मंद चयापचय चालू ठेवून डीएनएची डागडुजी करत होते. त्यासाठी लागणारे पाणी मातीच्या कणांभोवतीच्या, न गोठलेल्या अतिपातळ पापुद्र्यात मिळते.

तापमान वाढत असताना या जीवांचे काय होईल, याचे उत्तर सरळ नाही. वितळण्याचा हंगाम लांबला आणि उघड्या बर्फाचा पट्टा रुंदावला की शैवालांना आधी फायदाच होतो आणि त्यांच्यामुळे वितळणे वाढते. बर्फ किती वेगाने आटेल याचा अंदाज बांधणाऱ्या प्रतिमानांत धूळ आणि काजळी यांच्याइतकेच स्थान या शैवालांना द्यायला हवे, असे मला ठामपणे वाटते. पुढे मात्र पायाखालचा बर्फच संपतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या हिरव्या हिमाचा उपग्रहांच्या मदतीने तयार केलेला नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,६७९ ठिकाणी हिरवे पट्टे आढळले आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ १.९ चौरस किलोमीटर भरले. निम्म्याहून अधिक पट्टे पेंग्विनच्या वसाहतींपासून पाच किलोमीटरच्या आत होते, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून शैवालांना नायट्रोजन मिळतो. यांतले जवळजवळ दोन तृतीयांश पट्टे लहान, सखल बेटांवर आहेत. तिथले उन्हाळी हिम संपले तर शैवालांना सरकायला त्याहून उंच जागा नाही. मोठ्या बेटांवर आणि मुख्य भूभागाच्या उतारांवर मात्र हिम ओलसर राहण्याचा काळ वाढेल आणि हिरवे पट्टे वर सरकत मोठे होतील, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.